विहिरीची हद्द

कॉफी खरेदी केंद्राच्या रांगेत एका बाईच्या पुढे दोघे भाऊ आपापली पोती घेऊन उभे होते. धाकटा कुजबुजत होता, पण तिला सगळं ऐकू येत होतं.

“दादा, कंपनीचा माणूस मोबाइल घेऊन आपल्या बांधावर कशाला फिरत होता?”

“जंगल तोडून लावलेली कॉफी आता कोणी घेत नाही. म्हणून प्रत्येकाच्या मळ्याचा नकाशा काढतात.”

“जंगल तिकडे डोंगरावर. तुझ्या-माझ्या बांधावर कसलं आलंय जंगल?”

“कुणाचा मळा कुठवर, ते कळायला नको त्यांना?”

“आणि ते तू दाखवलंस! मी घरी नव्हतो तोच दिवस बरा सापडला तुला.”

“खरं तेच दाखवलं. विहीर तुझ्याकडे गेली.”

“माझ्याकडे?”

“आबांनी रोवलेल्या हद्दीच्या दगडांवरूनच चालवलं त्याला.”

“इतकी वर्षं त्या विहिरीपायी माझ्याशी उभा दावा मांडलास, आणि आता अशीच सोडलीस?”

“खोटी हद्द उघडी पडली तर दोघांचाही माल परत येईल, बाबा.”

रांग पुढे सरकली, तरी धाकटा हलेना. बाईने आपलं पोतं पायाने जरासं पुढे ढकललं. तो दादाच्या कानाशी वाकला.

“खरं सांग दादा, विहीर आटली का?”