नॉक्सच्या पाच पोरी

...नाही, पण मी म्हणतो, रात्रीला रात्र म्हणावं आणि गप झोपावं, एवढं साधं या माणसाला का जमू नये? माणूस कोण, तर माझा साडू! माझं गाद्यांचं दुकान, आणि हा रिटायर भाषामास्तर रोज येऊन कोऱ्या गादीवर मांडी ठोकणार! गिऱ्हाईक गादी बघायला जरा आडवं झालं, की याची टकळी सुरू... 'ताई, रात्रीला इटालियन म्हणतात नॉत्ते, स्पॅनिश नोचे, फ्रेंच न्युई, पोर्तुगीज नोइते, रुमानियन नोआप्ते... पाची सख्ख्या बहिणी बरं का! आई एकच, लॅटिन नॉक्स...' अहो, त्या बाईला गादी घ्यायचीय की सोयरीक जुळवायचीय? तेव्हाच मनाशी म्हटलं, सूड घेईन तर नावाचा!

आणि तुम्हाला सांगतो, घेतला! सासरे दुकानात आले होते, त्यांच्यादेखत याच्या बुडाखालची गादी ओढली. 'उठा! त्या पाच पोरी आणि त्यांची आई घ्या नि चालते व्हा!' काय गार वाटलं म्हणून सांगू!

...पण त्या दिवसापासून दुकानात चिटपाखरू थांबेना हो! माणसं गादीवर पडायची, कूस बदलायची, उठून जायची. एक जुनी बाई बहिणीला घेऊन आली. 'इथं पडल्या पडल्या डोळा लागायचा हो. ते पुटपुटणारे गृहस्थ कुठायत?' म्हणजे इतके दिवस गाद्या कोण विकत होतं? तो! दुकान बसायची वेळ आली. बायको म्हणते, 'जा, भावोजींना हात जोडून आणा.' मी? हात जोडू? हॅट्! त्या पोरी मीच पाठ करतो, मीच गिऱ्हाइकं झोपवतो, मग बस म्हणावं घरी जन्मभर... सूड घेईन तर नावाचा!

दुपारी गिऱ्हाईक नाही बघून साडूचं दुकानात राहिलेलं भाषांचं पुस्तक घेतलं, गादीवर टेकलो, सुरू केलं. नॉत्ते... नोचे... न्यु...

डोळे उघडले तेव्हा मी फरशीवर! समोर साडू, गादीचं टोक हातात, शेजारी ती बाई आणि तिची बहीण. बायकोनंच बोलावलं होतं त्याला! आणि तो कसा, अगदी गोड आवाजात, 'उठा मालक, ताईंनी हीच गादी घेतली. तुम्हाला इतकी गाढ झोप लागलेली बघितली ना!'

आता रोज येतो. मांडी ठोकतो. मीच चहा देतो... काय करणार? सूड घ्यायचा तर जागं राहावं लागतं हो, आणि माझा धंदा पडला झोपेचा!