रडक्या तोंडावर अंगठा

नेलीदा: ते नाही, डोन्या सातुर्निना. अंगठा या कागदावरच्या रडक्या तोंडावर. हसऱ्यावर नाही.

सातुर्निना: अगं पण तू कधी वाईट वागलीस? माझ्या दोन्ही पणत्या तुझ्याच हातात जन्मल्या.

नेलीदा: नर्स कशी ते नाही विचारलंय. दवाखाना कसा, ते विचारलंय.

सातुर्निना: दवाखाना म्हणजे तूच की! बाकी आहे काय इथं? एक खाट, एक वजनकाटा. तोही खोटारडा.

नेलीदा: मग मागच्या वर्षी राजधानीतला माणूस विचारायला आला, तेव्हा हे का नाही बोललात?

सातुर्निना: पाहुणा होता तो. धापा टाकत डोंगर चढून आलेला. त्याला सूप वाढायचं का रडगाणं ऐकवायचं?

नेलीदा: सूप वाढलंत, आणि झाडून सगळ्यांनी हसऱ्या तोंडावर अंगठे लावले. खालच्या सान रोके गावातल्यांनी त्याला बसायला खुर्ची दिली नाही. शिव्या घातल्या.

सातुर्निना: रीतच नाही त्या लोकांना.

नेलीदा: रीत नाही, पण आपली अँब्युलन्स आता त्यांच्याकडे आहे. आणि आपला गुरुवारचा डॉक्टर. आपण खूश, ते नाखूश. साहेबांनी उचललं इथलं, ठेवलं तिथं.

(सातुर्निना फडक्यातला उकडलेला बटाटा सोलते, अर्धा नेलीदापुढे सरकवते.)

सातुर्निना: खा. सकाळपासून पोटात काही नसेल तुझ्या.

नेलीदा: काल युवानाला परत तपासलं. सातवा महिना सरत आला. मूल पायाळू आहे.

सातुर्निना: माझी नात आहे ती. फिरेल मूल.

नेलीदा: फिरेलही. नाही फिरलं, तर पोट कापावं लागेल, ते मला येत नाही. मोठा दवाखाना सहा तासांवर. आणि गाडी कुठली? बटाट्याचा ट्रक. तोही शुक्रवारीच.

सातुर्निना: आणि एवढी रडकी तोंडं बघून साहेबांनी तुलाच हाकललं तर?

नेलीदा: हाकलू देत. येईल दुसरी कोणी.

सातुर्निना: बारा वर्षांत तुझ्याशिवाय इथं राहायला एकच आला होता. आठ दिवसांत थंडीनं पळाला.

नेलीदा: डोन्या, दमले हो मी. लावा अंगठा.

सातुर्निना: आण ती शाई... हं. घे. रडवलं एकदाचं. आता आणखी एक कागद दे.

नेलीदा: आता कशाला?

सातुर्निना: हसऱ्यावर लावते. तो वर साहेबांकडे नको धाडू. तुझ्या भिंतीला असू दे.