वाईनच्या द्राक्षाला पाणी कुणी सोडलं?

मंडळी, आण्णांच्या शोकसभेत त्यांच्या मालकिणीसमोर, आक्कांसमोर उभं राहून बोलायचं म्हंजी लय अवघड हाय. आण्णांना जाऊन आज दहा दिवस झालं. माझ्या त्यांच्या रानाला एकच बांध. रोज सकाळी बांधावरनं हाक यायची, 'हणमा, च्या झाला का रं?' आता येत न्हाई. पर मी रडायला उभा राहिलो न्हाई. मला राग आलाय. तुमचा बी आणि माझा बी.

आत्ता अध्यक्षसाहेब म्हणालं, 'आण्णा म्हणजे आपल्या भागाचे द्राक्षमहर्षी!' टाळ्या वाजायच्याच तेवढ्या राहिल्या. साहेब, आण्णा जित्तं असताना तुमच्या तोंडात कुठला शब्द हुता? 'दारूवाला' म्हणत हुता का न्हाई? पंधरा वर्सं गावातल्या एकाबी लग्नात फेटा बांधायला त्यांचं नाव पुकारलं न्हाई. आक्कांना हळदीकुंकवाचं बोलावणं न्हाई. आणि आज फोटूला हा एवढा मोठा हार!

नव्या पोरांना ठावं न्हाई, म्हणून सांगतो. तवा आपल्या जिल्ह्यात वाईनचं वारं आलं हुतं. सरकार म्हणायचं, लावा. कंपनी म्हणायची, लावा. त्याआधी आपल्याला द्राक्षं दोनच ठावं, खायची न्हाईतर बेदाण्याची. आण्णांनी वाईनच्या द्राक्षाच्या काड्या बाहेरनं आणल्या. पयल्यांदा सोताच्या रानात लावल्या, तीन वर्सं बघितलं, मग आपल्याला दिल्या. फुकट दिल्या. प्रत्येकाच्या बागंत येऊन छाटणी शिकवली. वाईनचा कारखाना शिवाराला लागूनच उभा राहिला.

ते द्राक्ष बारीक, जाड सालीचं, बियांचं. आण्णा एकच गोष्ट सारखी सांगायचं. 'तोडणीआधी पाणी बंद करा. मणी फुगवू नका. चव सालीत असती, पाण्यात न्हाई.'

आणि आमी काय केलं? आमी जल्मभर खायची द्राक्षं पिकवलेली. मणी बारीक दिसला की आमचा जीव खालवर हुतो. माल वजनावर जाणार, मग फुगव की गड्या! तोडणीला आठ दिवस असताना समद्यांनी ठिबक चालू केलं. समद्यांनी. मी बी.

आण्णा बांधावर आलं. 'हणमा, रान वलं कशानं रं?'

मी म्हणालो, 'पाईप फुटलीया, आण्णा.'

त्यांनी पाईपकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं. आणि बांधावरनं माघारी गेलं.

कारखान्याच्या गेटावर साखर मोजली. रस पांचट! तिथला साहेब म्हणाला, समदा माल परत न्या. ट्रॅक्टरची ही रांग लागलेली, आणि आमी समदी खाली बघत उभी. तवा आण्णा पुढं झालं. म्हणालं, 'साहेब, यांचा दोष न्हाई. पाणी द्या म्हणून मीच सांगितलं. चुकलं माझं.'

आण्णांच्या शब्दावर माल घेतला त्यांनी. त्या सालापुरता. पर वाईन बिघडली, कंपनीचा आपल्यावरचा इस्वास उडाला, आणि दोन सालात गेटाला कुलूप लागलं. आज नाशिककडं लोक गाड्या भरभरून वाईनच्या बागा बघायला जात्यात. त्येंचं बी एका सालात झालं न्हाई. त्येंनी धीर धरला, आपण कुऱ्हाड धरली. वेली तोडून चुलीत घातल्या आणि पारावर बसून म्हणालो, 'आण्णानं बुडवलं. सोताच्या तोंडानं कबूल झालाय की!'

त्या पारावर मी हुतो. मला खरं काय ते ठावं हुतं. तरी पंधरा वर्सं माझी जीभ उचलली न्हाई. का? माझा फेटा जाईल म्हणून! दुसरं काय?

आण्णांनी कवा बोलून दाखवलं न्हाई. त्या वेलींच्या दोन ओळी तेवढ्या सोताच्या रानात राखल्या, दरसाल छाटल्या, आणि घमेलं भरून द्राक्षं माझ्या दारात आणून ठेवली. बारीक, गोड. मी ती खाल्ली.

आक्का, पाईप फुटली नव्हती. तुमचा माणूस जल्मात एकदाच खोटं बोलला, ते आमच्यासाठी.

आता दोन मिनिटं गप उभं राहायचं हाय. त्या आठ दिवसांत ज्येनं पाणी सोडलं न्हाई, त्येनं खुशाल बसून राहावं. बाकीच्यांनी माझ्यासंगं उभं राहा, आणि माना खाली घाला.

अध्यक्षसाहेब, पयलं तुमी उठा.