सारवलेला गोठा

अहो, आमच्या चऱ्होलीत एवढ्या सोसायट्या झाल्या, पण शेजारच्या तात्यांनी आपला जुना गोठा काही पाडू दिला नाही. बैल विकले, पण दावण तशीच ठेवली, आणि गावभरातून नांगर, पाभर, मोट, घुंगुरमाळा गोळा करून तिथं संग्रहालय मांडलं. सहा महिने तिकडं कुत्रं फिरकलं नाही. शेवटी त्यांचा मुलगा वैतागला. "तात्या, एका तरी शाळेची सहल आणून दाखवा. न्हाईतर गोठा पाडून पार्किंग करणार मी."

तात्यांनी हातापाया पडून एका शाळेला यायला तयार केलं. मला वाटलं, पाहुणी मुलं येणार, जमीन अशी धुळकट बरी दिसते का? कुणी सांगितलं नसताना मी शेण शोधायला निघाले. अख्ख्या आळीत एकच म्हैस उरलीय! सकाळी उठून गोठा असा सारवला, की तात्यांचे डोळे भरून आले.

दहा वाजता बस आली. मुलं दारापर्यंत पोचली अन् शाळेच्या बाईंनी नाकाला रुमाल लावला. "आजोबा, हे शेण आहे?"

"व्हय बाई, ताजं हाय," तात्या कौतुकानं म्हणाले.

"चला रे, सगळे परत बसमध्ये! पालक माझ्या नावानं ओरडतील."

बस गेली. मला मान वर करवेना. तात्या आत गेले, ओल्या जमिनीवरून नुसता हात फिरवला. "सुमन, सारवलंस मात्र झकास," म्हणाले, आणि मुलाला फोन लावला.

"पाड बाबा."