काकांचा प्रोग्रॅम लायब्ररी मागतो

आमच्या परळच्या शेजारच्या काकांचं सांगतो. जत्रेसाठी नाटक लिहायचं म्हणून ते लॅपटॉप घेऊन गावी गेले. त्यावर मी टाकलेली, फारशी कोणाला ठाऊक नसलेली ऑपरेटिंग सिस्टीम होती आणि माझाच टायपिंगचा प्रोग्रॅम. पोचल्यावर काकांचा फोन आला.

"रे, ह्यो लायब्ररी नाय म्हणता. गावात तर आसा."

"काका, ती पुस्तकांची नाही. प्रोग्रॅमला लागणारी एक फाईल आहे."

ती माझ्या मशीनवर होती, त्यांच्या नव्हती, आणि गावात नेट नाही. मग लागणारं सगळं प्रोग्रॅमच्याच फोल्डरमध्ये भरून पेन ड्राइव्ह त्यांच्या भाच्याबरोबर धाडला.

"चालता रे," काका खुशीत म्हणाले. "आता जत्रेक तू पण ये. काय घेवन येव नको, हय सगळा आसा."