साहेब वर गेले

हॅलो?… कोण, ताई?… अगं, मीच. मीच बोलतोय… नाही, कुणाचा आवाज काढत नाहीये, माझाच आहे… ताई, मी माझीच नक्कल कशाला करू?

आधी रडणं थांबव. कोण गेलं?… मी?… कधी?

थांब, थांब. तुला सांगितलं कुणी?… स्वयंपाकाच्या मावशींनी? काय म्हणाल्या?… 'साहेब वर गेले.'… हो मग, गेलोच होतो. गच्चीवर!… अगं गच्ची, गच्ची. कपडे वाळत घालतो ती… बरं, तू विचारलंस कसे गेले, त्या म्हणाल्या जिन्याने. मग तरी कळायला नको?… जिन्यावरून पडलो असं वाटलं?… हं. तेही खरंच. सगळ्या सिनेमांत जिन्यावरूनच पडलोय मी.

नाही गं, पहिल्यांदा पडलो तो खरंच पडलो. चहाचा ट्रे घेऊन खाली यायचं, एवढंच काम होतं. पाय घसरला. दिग्दर्शक पोट धरधरून हसला आणि म्हणाला, असू दे, छान आहे. झालं. पुढे डॉक्टर झालो, पडलो. न्यायाधीश झालो, पडलो… हो, काही सिनेमेही पडले. ते आपले आपण पडले, त्यात माझा हात नाही.

गच्चीवर?… रडायला गेलो होतो… अगं दुःख कसलं, सराव! बापाची भूमिका आहे, तरुण मुलगा गमावलेल्या. अख्ख्या सिनेमात एक जिना नाही… मलाच. म्हणजे, अजून नक्की नाही. परवा ऑडिशन दिली. मी पहिलं वाक्य म्हटलं आणि लाइटवाला हसता हसता स्टुलावरून खाली… त्याला लागलं नाही. त्याला सवय नाही, तरी चांगला पडला.

ऐक ना… दिग्दर्शिका बाई म्हणाल्या, काका, तुम्ही छान रडता, पण तुमच्याकडे बघून दुसऱ्या कुणाला रडू येईल का, याची मला शंका आहे. आज कळवणार आहेत. मावशींना म्हटलं, फोन आला तर सांगा, वर गेलोय. त्यांनी आपला मान दिला, 'साहेब वर गेले'.

ताई, मला ही भूमिका हवीय. फार हवीय गं. गुडघे कामातून गेले, आता पडलो तर उठवत नाही. एकदा, एकदाच माझ्यामुळे कुणीतरी डोळे पुसावेत… हसू नकोस, असं म्हणणार होतो. पण तू कुठली हसायला! पहिल्या सिनेमाला अख्खं थिएटर लोळत होतं, आणि तू उभी राहून ओरडलीस, 'अरे, लागलं का त्याला?'

अजून रडतेसच?… अगं, धडधाकट आहे मी… कुणाकुणाला कळवलंस?… धाकट्याला, मामींना… फुलं पण सांगितलीस? असू दे, फुलदाणीत ठेवू.

थांब. दुसरा फोन येतोय… त्याच बाई… ताई, ठेवू नकोस! अगं, तू रडतेयस! माझ्यामुळे! तुला जोडून घेतो. काही बोलू नकोस, नुसती रड. आत्ता रडत होतीस तश्शी.

हॅलो?… हो मॅडम, मीच… नाही, आधी माझं ऐका. तुम्हाला शंका होती ना? ही माझी सख्खी थोरली बहीण. जन्मात कधी माझ्यावर हसलेली नाही. मघापासून माझ्यासाठी ढसाढसा रडतेय, थांबायला तयार नाही. ऐका… ताई, रड.

ताई?… रड ना गं… हे काय?… ताई, हसतेस?… आत्ता?… एवढी वर्षं जिन्यांवरून गडगडत आलो तेव्हा नाही, आणि आत्ता?

नाही, नाही, मॅडम, रडतेच आहे ती… हो, जरा जोरात… आमच्या घरी असंच रडतात… मॅडम, तुम्ही का हसताय?… हॅलो?… मॅडम?

गेल्या… अगं, वर नाही! फोन ठेवला त्यांनी… भूमिका कसली आता, गेली ती… नाही, चिडलो नाही. खरंच नाही… ताई, थांबू नकोस ना. लहानपणापासून वाट बघतोय मी… तू हस. मी धरतो फोन.