हातावर पाणी पडतंय तोवर

— नाही, हात मागं घेऊ नका. तांब्या संपेपर्यंत तरी ऐका. मुलगी बघायला आलेल्याच्या हातावर पाणी तिनंच घालायचं ही आमच्याकडची रीत, ती बोलण्यासाठी नव्हे, ठाऊक आहे मला — पण एरवी मला बोलू कोण देणार? मघाशी पोह्यांचं ताट घेऊन आली ना, हिरव्या परकरातली, ती मंजुळा, माझ्या दादाची मुलगी. लंगडत होती, दिसलं तुम्हाला? दिसलंच असणार. अहो, तिनं त्या पायावर चालायचंच नाहीये! मांडीच्या हाडाचा वरचा गोळा, खुब्यात बसतो तो — त्याला रक्तच पोचत नाही, हाड मऊ पडलंय. धुळ्याच्या डॉक्टरांनी बजावलंय, रक्त परत येईल, हाड परत भरेल, पण तोवर भार पेलणारा लोखंडी पट्ट्यांचा बूट पायातून काढायचा नाही. भार आला की गोळा चेपणार — मग जन्माची लंगडी. तुम्ही ओव्हरसियर ना? ओल्या स्लॅबखालच्या बल्ल्या काढून वर वरात नाचवाल? आमच्या आईनं काढल्या! का? तर तुमच्या मावशीनं विचारलं होतं, घरात कुणी अधू नाही ना? म्हणून मुद्दाम तिच्याच हातात ताट. 'आमना घरमा बठ्ठा धडधाकट शेतस' — सगळे धडधाकट म्हणे, ऐकलंत ना आईचं? आणि बूट सरपणाच्या खोलीत, गोवऱ्यांमागं. घराण्याचा दोष नाही गं हा, किती सांगितलं — तर म्हणते, एका दिवसानं काय होतंय! एक दिवस? पाचोऱ्याचे मला बघायला आले होते तेव्हाही हेच. आणि मी? बी.ए. झालेली, कॉलेजात भाषणं ठोकणारी मी काय करत होते? पोर ओठ चावत बशा मांडत होती आणि मी पदर सारखा करत होते — तुम्ही माझ्याकडे बघताय का, ते बघत. हो, बघत होते! तुमचा फोटो आला तेव्हापासून मी — ते जाऊ द्या. हसताय काय?

झालं, पाणी संपलं. हा घ्या पंचा. आत जाऊन सांगा खुशाल, मुलगी तोंडाळ आहे, पसंत नाही. फक्त तिच्या पायाचं कारण सांगू नका, नाहीतर पुढच्या पाहुण्यांसमोर आई तिला पळवून दाखवेल. जा ना आता, उभे काय — अहो, बैठक तिकडं. इकडं तर सरपणाची —